भेगेच्या अग्राशी

चिरलेली वस्तू केव्हा भंगते, या प्रश्नाला गणिताने दिलेले पहिले नेमके उत्तर मोठे चमत्कारिक होते. केंब्रिजचे सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ साली नौकाशिल्पज्ञांच्या संस्थेपुढे असे दाखविले की, आडव्या लंबवर्तुळाकार छिद्राच्या पत्र्यास उभा ताण दिला असता छिद्राच्या टोकाशी तो कितीपट होतो हे पाहावयाचे तर छिद्राच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तराची दुप्पट करून तीत एक मिळवावा; आणि चीर म्हणजे जवळजवळ रुंदीच नसलेले छिद्र असल्यामुळे तिच्या अग्राशी ताण अनंत ठरून, तडा गेलेला प्रत्येक पेला हातात घेताच फुटावयास हवा. तसे होत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेतील ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या अनंताला हात न लावता जमाखर्च मांडला. चीर वाढताना मोकळी होणारी ऊर्जा तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, नवे पृष्ठ उघडण्याचा खर्च मात्र केवळ लांबीच्या प्रमाणात. म्हणून एका मर्यादेपर्यंत ती निमूट असते आणि पुढे बेफाम धावते. काचेला हा हिशेब लागू पडला, पण धातूंच्या व्यवहारात त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री पोर्टलंडच्या धक्क्याशी बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात दुभंगले, आणि असल्या अपघातांच्या छायेत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी धातूच्या कायम विकृतीत जिरणारी ऊर्जाही खर्चाच्या बाजूस मांडली.

अग्राशी ताण अनंत ठरतो ही मूळ तक्रार मात्र तशीच राहिली. तिचे कारण असे की, रूढ स्थितिस्थापकतेचा सिद्धान्त पदार्थाला अखंड व कणरहित मानतो. स्फटिकाचा आकार, दाण्यांतील अंतर असे एकही स्वाभाविक परिमाण त्यात नाही. गंमत म्हणजे यावरचा उपाय इंग्लिसच्या आधीच, १९०९ साली, यूजीन व फ्रान्स्वा कॉस्सेरा या फ्रेंच बंधूंनी सुचविला होता. पदार्थाचा प्रत्येक बिंदू सरकतो तसा फिरूही शकतो, म्हणून पृष्ठावर बलाबरोबर बलयुग्मही पोहोचते, हे त्यांचे प्रतिपादन जवळजवळ अर्धशतक दप्तरी पडून राहिले. १९६२ साली टूपिन यांनी आणि १९६४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या रेमंड मिंडलिन यांनी त्या वाटेने जाऊन सूक्ष्मरचनेची लांबी समीकरणांत आणली.

मग अनंत नाहीसा झाला काय? मुकी व स्टर्नबर्ग यांनी १९६७ साली बलयुग्मांचा सिद्धान्त चिरेला लावून पाहिला, तर अनंत जागच्या जागीच. एरिंगेन प्रभृतींनी १९७७ साली दूरस्थ बिंदूंचाही प्रभाव धरून सांत ताण मिळविला, पण त्यावरही आक्षेप आलेच. विकृती जागोजाग कशी बदलते तेही हिशेबात धरणाऱ्या मिंडलिनच्या विकृति-प्रवणतेच्या सिद्धान्तात विकृती सांत होते, चिरेचे काठ अग्राशी अगदी अलगद मिटतात. ताण मात्र पूर्वीहून तीव्र वेगाने अनंताकडे धावतो, म्हणजे त्या अनंताची बडतर्फी न होता केवळ बदली झाली.