ठाकुरवाडीचा सांधा आणि पॅनेलमधली वायर

आजचा एपिसोड कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका प्रश्नाचा इतिहास आहे. प्रश्न साधा आहे: यंत्र बिघडणारच असेल, तर ते कोणत्या बाजूला बिघडावं? माणसाच्या बाजूला, की माणसाच्या विरुद्ध? कारखान्यात ऑटोमेशन सांभाळणारा कंट्रोल्स इंजिनिअर रोज याच प्रश्नावर काम करत असतो. पण आपल्याकडे त्याचं उत्तर कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी दिलं गेलं, तेही घाटातल्या रुळांवर.

ठाकुरवाडी म्हटलं की आधी आठवतात त्या डोंगरउतारावरच्या ठाकरांच्या वाड्या. या नावाच्या वाड्या या भागात एकाहून जास्त आहेत. पण रेल्वेवाल्यांसाठी ठाकुरवाडी म्हणजे बोरघाटातली केबिन. पळसदरी सोडलं की जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी ठिकाणं लागतात. या घाटमार्गाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि तो १८६३ मध्ये खुला झाला. पंचवीस बोगदे आणि काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट चढ. ऐन भरात ४० हजारांहून जास्त मजूर इथे राबत होते आणि त्यातले कितीतरी कॉलऱ्याने आणि अपघातांनी गेले. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही दिवसांतच वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे नेलं.

चढताना मागून बँकर इंजिन ढकलतं, ते आपल्याला माहीत आहे. खरी भीती उतरताना. ब्रेक गेला तर काय? म्हणून घाटात कॅच सायडिंग केली. मुख्य रुळापासून फुटणारी, चढावर जाणारी एक आंधळी लाइन. आता गंमत बघा. सांधा एरवी लावलेला असतो तो मुख्य लाइनला नाही, तर या सायडिंगला! उतरणारी गाडी आधी थांबते, म्हणजे ब्रेक चालतोय हे दाखवते, आणि मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. जी थांबू शकली नाही, ती आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग मरतो. तिथे कुणाला धावत जाऊन काही करावं लागत नाही.

म्हणजे गाडी सुरक्षित आहे असं कुणी गृहीत धरत नाही. ते तिने सिद्ध करायचं. गाडीच्या ब्रेकचंही तेच. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमारास जो ऑटोमॅटिक एअर ब्रेक काढला, त्यात हवेच्या दाबाने ब्रेक सुटतो आणि दाब गेला की लागतो. पाइप फुटला, डबा सुटला, तर गाडी थांबते. बिघाड झालाच, तर तो थांबण्याच्या बाजूला.

आता घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत येऊ. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथलं पाणी पाइपांमधून सुमारे ५२५ मीटर खाली आणायचं, चाकं फिरवायची, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघरही आलं.

५२५ मीटर उंचीचं पाणी म्हणजे खाली हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट दाब. समजा मुंबईकडची लाइन अचानक ट्रिप झाली. जनरेटरवरचा भार गेला, पण पाण्याची धार चालूच. चाक सुसाट सुटणार. मग व्हॉल्व्ह झटकन बंद करावा? केला तर धावतं पाणी एकदम अडतं आणि पाइपलाच दणका बसतो. पाइप फुटू शकतो. इकडे आड, तिकडे विहीर.

पेल्टन चाकांवर यासाठी दोन पायऱ्यांची युक्ती असते. आधी धारेच्या तोंडाशी असलेला पत्रा, म्हणजे डिफ्लेक्टर, झटकन आडवा येतो आणि पाणी चाकाच्या वाट्यांपासून दूर वळवतो. मग आतली सुई सावकाश पुढे सरकत धार बंद करते. आधी चाक वाचवा, मग पाइप जपून सावकाश पाणी थांबवा. हे काम गव्हर्नर करतो. तो वेग मोजतो, ठरवलेल्या वेगाशी ताडून बघतो आणि पाणी कमी-जास्त करतो. आज कंट्रोल्सवाले ज्याला फीडबॅक लूप म्हणतात, तो हाच.

आता उडी थेट अमेरिकेत. १९६८. जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाची डोकेदुखी अशी, की मॉडेल बदललं की रिलेंनी भरलेली पॅनेलं पुन्हा वायर करावी लागायची. डिक मॉर्ली आणि त्याच्या साथीदारांनी यावर मोडिकॉन ०८४ हे यंत्र बनवलं. ०८४, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रोजेक्ट. हा सुरुवातीच्या पीएलसींपैकी एक. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या सर्किटसारखी, शिडीच्या आकाराची ठेवली, म्हणजे कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला ती पहिल्याच दिवशी वाचता यावी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी हे शिकण्यासारखं आहे. जो रात्री तीन वाजता दुरुस्ती करणार, त्याला वाचता येईल असं लिहा.

आणि ठाकुरवाडीचा सांधा या पॅनेलमध्येही आहे. मशीनवरचं लाल इमर्जन्सी बटन बघा. आपल्याला वाटतं, दाबलं की सिग्नल जातो. उलट आहे! न दाबता त्यातून करंट सतत वाहत असतो, आणि दाबलं की तुटतो. का? कारण उंदराने वायर कुरतडली, टर्मिनल ढिलं झालं, सप्लाय गेला, तरी परिणाम एकच: मशीन थांबतं. बटन दाबल्यावर करंट सुरू होणार असता, तर तुटलेल्या वायरचा पत्ता नेमका त्या दिवशी लागला असता, ज्या दिवशी कुणाचा तरी हात आत होता.

मी कोड लिहितो. माझा प्रोग्रॅम पडला तर स्क्रीनवर लाल अक्षरं येतात आणि कुणीतरी पेज रिफ्रेश करतं. प्रेसखाली गेलेला हात रिफ्रेश होत नाही.

म्हणून या कामातली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे चार इंच वायरचा तुकडा. जंपर! गार्डचं दार उघडलं की मशीन बंद पडतं, प्रॉडक्शन अडतं, वरून फोन येतो. मग कुणीतरी दाराच्या स्विचला जंपर मारतो: "आजच्या शिफ्टपुरता." शिफ्ट संपते, जंपर राहतो. आता पीएलसीला दार कायम बंदच दिसतं. फिरत्या भागांना मजबूत आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्येच सांगितलं होतं. पण कलम पॅनेल उघडून बघत नाही. ते बघायला माणूसच लागतो.

मेंटेनन्सच्या माणसाचं कौतुक बंद मशीन चालू केल्यावर होतं. चालू मशीन बंद ठेवल्यावर त्याला शिव्या बसतात. पण घाटातला केबिनमनही गाडी थांबल्याशिवाय सांधा फिरवत नव्हता, मग गाडी कितीही लेट असो.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणी आयटीआय करत असेल, डिप्लोमा करत असेल, खोपोली किंवा खालापूरच्या एखाद्या कंपनीत नव्याने लागलं असेल, तर कामावर एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही वायर आत्ता तुटली, तर मशीन थांबेल की चालत राहील? उत्तर "चालत राहील" असेल, तर ते साहेबांना सांगा, रजिस्टरमध्ये लिहा आणि सही घ्या. आणि मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!