सेनिओच्या बंधावर: ९ एप्रिल १९४५

दुपारी १.५०
उत्तर इटलीतल्या लुगो शहराजवळ बॉम्बफेक सुरू होते. आठशेहून अधिक अवजड विमानं. सेनिओ नदी तशी लहान, पाणी छातीपर्यंत. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंच मातीचे पूरबंध, आणि जर्मनांनी हिवाळाभर ते पोखरून आत खंदक, भुयारं, मशीनगनचे मोर्चे केलेले.

३.२०
तोफा सुरू. ४२ मिनिटं मारा, १० मिनिटं उसंत, असे पाच फेरे. उसंतीत लढाऊ विमानं येतात. खरा हल्ला कोणत्या फेरीनंतर, हे खंदकातल्याला कळू नये यासाठी हा सारा खेळ.

७.२०
आग ओकणारे रणगाडे पुढे सरकतात.

७.३०
मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन नदीत उतरते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे तेवीस वर्षांचे शिपाई नामदेव जाधव त्या पाण्यात होते, कंपनीचे निरोप्ये म्हणून.

अंधार पडताना
एवढ्या भडिमारातूनही पूर्वेच्या बंधातले तीन मशीनगन मोर्चे शाबूत राहिले होते. पलीकडे पोचलेल्या छोट्या तुकडीवर ते एकदम सुटले. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकी सगळे ठार. धड उरले एकटे जाधव.

एका जखमीला त्यांनी उचललं. खोल पाणी, उभा चढ, वर सुरुंगांचा पट्टा. त्याला सुखरूप ठेवलं आणि दुसऱ्यासाठी ते परत गेले. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात मोठं शौर्य या दुसऱ्या खेपेत आहे. पहिल्या खेपेला माणूस उसळीत जाऊ शकतो. दुसऱ्यांदा जाताना वाट काय आहे ते त्याला पुरतं ठाऊक असतं.

मग ते एकटेच पुन्हा पूर्वेचा बंध ओलांडून गेले. टॉमीगननं पहिला मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, ती टाकून दिली. हातबाँबनी उरलेले दोन मोर्चे संपवले; मधेच बाँब संपले तेव्हा बंधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन साथीदारांकडून आणखी घेतले. शेवटी तोफगोळे पडत असताना माथ्यावर उभं राहून, शिवरायांचा जयजयकार करत उरलेल्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

१० एप्रिल
लुगो मुक्त झालं. पुढे जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिलच्याच, त्याच नदीवरच्या पराक्रमासाठी फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही. जाधव १९८४ पर्यंत जगले.

सैनिकाचा पुतळा म्हटलं की आपला शिल्पकार हातात बंदूक देतो. माथ्यावरच्या जाधवांकडे ती नव्हती. आपल्याकडच्या वीरगळात खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा पडलेल्या वीराला वर नेताना, वरती शिवलिंगापुढे वीर. सेनिओचा दगड कोरायचा तर त्या मधल्या चौकटीत अप्सरा नकोत. छातीभर पाण्यातून जखमीला वाहून नेणारा शिपाई तिथे हवा, आणि तो दोनदा कोरायला हवा.