बेंजोचा ताळेबंद

इतिहास हा विषय आम्हां वाणिज्य शाखेच्या मंडळींनी शाळेच्या दारातच सोडला, आणि त्यानंतर त्याने आमची किंवा आम्ही त्याची कधी विचारपूस केली नाही. तरीही आज मी इतिहास लिहायला बसलो आहे, कारण ज्या विषयाचा लिहायचा आहे त्याकडे एकही इतिहासकार फिरकण्याची चिन्हं नाहीत. राजांचा इतिहास भाट लिहितात, किल्ल्यांचा गिर्यारोहक लिहितात. बेंजो पार्टीचा कोण लिहिणार? पार्टीवाल्यांचे हात वाजवण्यात गुंतलेले, आणि ऐकणाऱ्यांचे स्वतःच्या कानांवर!

आमच्या कर्जत-खालापूरकडे ठाकुरवाडी नावाच्या वाड्या इतक्या आहेत की, नुसतं ‘ठाकुरवाडी’ एवढाच पत्ता लिहिलेलं पाकीट पोस्टमनला संन्यास घ्यायला लावील. बोरघाटात रेल्वेचीसुद्धा एक ठाकुरवाडी आहे. भाताचं पीक घरात आलं की लग्नं निघतात, आणि लग्न म्हटलं की आदल्या रात्री हळद. हळदीला एखादा पाहुणा उशिरा आला तर चालतो. बेंजो उशिरा आला तर नवरदेवाच्या मामाचा पारा हळदीपेक्षा जास्त चढतो.

आता हा बेंजो म्हणजे नेमका काय? लाकडाची लांबट पेटी, वर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा आणि उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. टाइपरायटरची उपमा मी बँकेतून घरी आणली आहे असं समजू नका. 1912 साली जपानात नागोया शहरी मोरिता गोरो नावाच्या गृहस्थांनी हे वाद्य घडवलं, आणि त्या कळांची कल्पना त्यांना टाइपरायटरवरूनच सुचली असं सांगतात. त्याच वर्षी जपानात नवा सम्राट गादीवर येऊन तैशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं ‘तैशोगोतो’. पुढे ते समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आलं आणि ‘बुलबुलतरंग’ झालं. बलुचिस्तानात ‘बेंजू’ झालं आणि तिथल्या उस्तादांनी त्याला थेट मैफलीत बसवलं. आपल्याकडे ते ‘बेंजो’ झालं आणि त्याला आपण टेम्पोत बसवलं.

खरा बँजो निराळाच. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो घडवला. त्याला चामडं मढवलेलं असतं. म्हणजे अंगाने जपानी, नावाने आफ्रिकी-अमेरिकी, आणि वाजवतो काय, तर कोळीगीत, तेही डोंगरातल्या ठाकरांच्या लग्नात! इतकी विसंगत कागदपत्रं घेऊन कोणी आमच्या काउंटरवर खातं उघडायला आला असता, तर त्याला आम्ही तीन खिडक्या फिरवून परत पाठवला असता. लोकांनी मात्र याचं खातं बिनतक्रार उघडलं.

विसंगती इथेच संपत नाही. हळदीत रात्री दहाच्या सुमाराला कोणीतरी दातांत रुमाल धरून जमिनीवर लोळण घेतो आणि मास्तर ‘नागिन’ची धून लावतात. ती धून 1954 सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली, संगीत हेमंतकुमारांचं. पण त्यातली ती बीन म्हणजे बीन नव्हेच. कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने 1947 साली काढलेलं क्लेव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य कल्याणजींनी वाजवलं आणि देशभर नाग डोलायला लागले. म्हणजे जपानी पेटी ही एका फ्रेंच पेटीची नक्कल करते, जी मुळात आपल्या गारुड्याच्या पुंगीची नक्कल करत होती. उसनवारीचा एवढा मोठा व्यवहार व्याजाशिवाय पूर्ण झालेला मी दुसरा पाहिला नाही.

माझा पुतण्या पुण्याला कॉलेजात आहे. त्याला ‘हार्डकोअर पंक’ नावाचं संगीत आवडतं. मी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हटलं, “अरे, ही तर बेंजो पार्टी! फक्त नवरदेव पळून गेलेला दिसतो.” तो रागावला, आणि मला समजावायला त्याने ‘बॅड ब्रेन्स’ नावाच्या मंडळींचा इतिहास सांगितला. बॅड ब्रेन्स म्हणजे आपल्या भाषेत ‘बिघडलेली टाळकी’. वॉशिंग्टनची चार काळी पोरं. आधी जॅझच्या अंगाचं अवघड संगीत वाजवायची. 1970 नंतरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी पंक धरलं आणि ते इतकं जलद केलं की 1980 सालच्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं. आमच्याकडे तेवढ्या वेळात टोकनसुद्धा मिळत नाही. गावातले जलसेवाले त्यांना दारात उभे करीनात, तर त्यांनी त्या बंदीवरच गाणं केलं आणि न्यूयॉर्क गाठलं.

मला सर्वांत आवडलं ते पुढचं. या बिघडलेल्या टाळक्यांचं प्रेरणास्थान कोण? तर नेपोलियन हिल यांचं 1937 सालचं श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारं पुस्तक! गायकाच्या वडिलांनी ते त्याला वाचायला दिलं आणि त्यातला ‘मनाची उभारी ठेवा’ हा उपदेश त्याने घेतला. श्रीमंत व्हायचा भाग मात्र राहून गेला. 1986 सालच्या तबकडीच्या वेळी हा गायक तुरुंगात होता, तर त्याने एक गाणं तुरुंगातून टेलिफोनवर गायलं आणि ते तसंच छापलं गेलं. पुढे भांडणं, फुटाफूट, नावबदल, गायकाच्या मनाचं आजारपण, गिटारवाल्याचं 2015 सालचं हृदयाचं दुखणं. तरी 2012 साली त्याच मूळ चौघांची नवी तबकडी निघाली होती. पस्तीस वर्षं तेच चार भागीदार! आमच्या बाजारपेठेत दोन सख्खे भाऊ एक किराणा दुकान एवढी वर्षं चालवत नाहीत.

म्हणून मला बेंजो पार्टीचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. पार्टीत बेंजोवर मास्तर, मग ढोलकी, ढोल, ताशा, खुळखुळा. अलीकडे कॅसिओ आणि पॅड. पेटीला पिकअप, पुढे अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर भोंगा आणि मागे ढणढणणारा जनरेटर. आगाऊ रकमेला सुपारी म्हणतात. (हा शब्द मुंबईतल्या दुसऱ्या एका धंद्याने पळवला, त्याला पार्टीवाल्यांचा इलाज नाही.) आमच्याकडच्या एका पार्टीत सुपारीचे सारखे वाटे होतात आणि एक वाटा वाद्यांचा निघतो. आम्ही कॉलेजात घसाऱ्यावर दोन प्रकरणं शिकलो. या लोकांनी घसारा एका वाट्यात बसवला.

या पार्टीचे मास्तर एकदा आमच्या शाखेत कर्जाला आले.

“मास्तर, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?”

“बेंजो लिवा सायेब.”

“तसा व्यवसाय यादीत नाही. ‘सेवा, इतर’ लिहितो.”

“सेवा लिवा. इतर नको. आमच्याबिगर लगीन व्हतं का?”

कर्ज मंजूर झालं नाही. तारण नव्हतं. त्याच सुमाराला डीजेच्या भिंती घ्यायला मात्र तारण असलेली माणसं भरपूर होती.

बेंजोवर संकटं तशी ओळीने आली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाला भोंगा बंद केला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. माझी झोपण्याची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. 2016 साली रितेश देशमुखांना घेऊन रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, पण पडद्यावर मान मिळाल्याने सुपारी वाढते असं नाही. मार्च 2020 मध्ये, ऐन लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी आली आणि पेट्या माळ्यावर गेल्या. काही पेट्या पुन्हा उतरल्याच नाहीत. वाजवणारी पोरं कंपनीत किंवा रिक्षावर लागली.

डीजे स्वस्त पडतो, थकत नाही, जेवायला सहा पानं मागत नाही. हिशेबाने पाहिलं तर मी डीजेच्या बाजूने सही करीन. पण हळदीत एक वेळ अशी येते की घरातली म्हातारी पुढे होते आणि म्हणते, “माझ्या आयशीचं गानं वाजव.” डीजेवाला मोबाइलमध्ये शोधतो. ते गाणं कुठल्याच मोबाइलमध्ये नसतं, कारण ते कोणी कधी ध्वनिमुद्रितच केलेलं नसतं. बेंजोचा मास्तर म्हणतो, “आजे, म्हन बघू.” ती थरथरत्या आवाजात एक ओळ म्हणते. मास्तर कळा चाचपतो, दुसऱ्यांदा सूर सापडतो, तिसऱ्या खेपेला ढोलकी पडते आणि सगळ्या बाया उठतात. म्हातारी गेल्यावर ते गाणं त्या वाडीत कुठे जमा असेल, तर या एका माणसाच्या बोटांत.

असल्या ठेवीसाठी आमच्या ताळेबंदात रकाना नाही. ‘सेवा’ लिहावं. ‘इतर’ मात्र खोडावं.