करकरणारा खुबा



वाकून खुरपायचं, उकिडवं बसून भांडी घासायची, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायचा. आपला खुबा हे सगळं निमूट सोसतो. तो दुखू लागला की आपण म्हणतो, 'वय झालं.' सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी डॉक्टरांकडेही झिजलेल्या खुब्यावर खात्रीचा इलाज नव्हता. तो कसा सापडला, ते आज ऐकूया.

मांडीच्या हाडाचा गोल गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो, तो आपला खुबा. दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजलं की हाडावर हाड घासतं, सांधा आखडतो, चाल लंगडी होते.

इंग्लंडमधले डॉक्टर जॉन चार्नली यांच्याकडे एक रोगी आला. त्याच्या खुब्यात प्लॅस्टिकचा गोळा बसवलेला होता. तो इतका करकरे, की त्याची बायको खोलीतून उठून जाई. चार्नलींनी विचार केला, करकर म्हणजे घर्षण. ते कमी कसं करायचं?

नॉनस्टिक तव्याला असतं ते टेफ्लॉन घेऊन त्यांनी वाटी बनवली आणि तिच्यात धातूचा गोळा बसवला. माणसं आनंदाने चालू लागली. पण काही वर्षांतच टेफ्लॉन झिजलं, त्याच्या कणांनी आत सूज आली. सुमारे ३०० खुबे असे बिघडले. चार्नलींनी हे लपवलं नाही. त्यांनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून त्याचा त्रास पाहिला.

१९६२ साली एक विक्रेता मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरायचं प्लॅस्टिक घेऊन आला. चार्नलींनी ते नखाने दाबून पाहिलं आणि नको म्हणाले. तरी त्यांच्या कार्यशाळेतले हॅरी क्रेव्हन यांनी ते यंत्रावर घासत ठेवलं. तीन आठवड्यांत ते जेवढं झिजलं, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायटिंग्टन रुग्णालयात या नव्या वाटीचा खुबा बसवला गेला. आजची खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया तिथूनच पुढे आली.

पण प्रत्येक दुखणं झिजेचं नसतं, आणि प्रत्येकाला शस्त्रक्रियाही लागत नाही. जांघेत दुखून कळ गुडघ्याकडे उतरत असेल, तर खोड बहुधा खुब्यात. कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर तिथल्या स्नायूंच्या टोकांना त्रास असू शकतो. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जात असेल, तर मणक्याजवळची नस दबलेली असू शकते. सिकलसेल असलेल्यांच्या खुब्याचा रक्तपुरवठा तरुणपणीच तुटू शकतो. स्टेरॉइड मिसळलेल्या पुड्या खूप दिवस घेतल्या तरी तसंच होऊ शकतं. म्हणून नाव-गाव नसलेली औषधं नकोत. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर क्षयाचीही तपासणी हवी. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. पडल्यावर पाऊल टेकवता येत नसेल तर चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

शस्त्रक्रिया सांगितलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि आपल्या गटातली एखादी लंगडत बैठकीला येत असेल, तर तिला 'वय झालं' म्हणू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.