पहिल्या सूक्ताचा ऋषी

साल १७६८, श्रावण महिना. तू अठरा वर्षांचा आहेस. कोकणातून घाट चढून पुण्यात आला आहेस आणि अंगावरचं उपरणं अजून ओलसर आहे. मुठेला पूर आहे. गल्लोगल्ली तुझ्यासारखे वैदिक भेटतात; कुणी पैठणचा, कुणी नाशिकचा, तर कुणी थेट काशीहून आलेला. सगळे श्रावणातल्या दक्षिणेसाठी आले आहेत.

ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ती पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याला रमणा आहे, तिथे जमलेल्या साऱ्यांना थोडीथोडी दक्षिणा मिळते. पण ज्याची परीक्षा होते, त्याला त्याच्या विद्येप्रमाणे मिळते. तुला रमण्यातली नको आहे. दहा वर्षं गुरुजींच्या घरी संथा घेतलीस, माधुकरी मागून जेवलास. त्या दहा वर्षांचं मोल कुणीतरी करावं, एवढंच तुला वाटतं. (हे दार फक्त ब्राह्मण पुरुषांना उघडं आहे आणि वाटला जाणारा पैसा रयतेच्या वसुलातला आहे. आत जाताना हेही लक्षात असू दे.)

शनिवारवाड्यात तुझी पाळी येते. समोर तीन शास्त्री बसले आहेत. न्यायाधीश रामशास्त्र्यांची देखरेख आहे, त्यामुळे इथे वशिला चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला प्रश्न ऋग्वेदाच्या आठव्या अष्टकातला. शास्त्री एका ऋचेचे दोन शब्द सांगून म्हणतात, "घन म्हणा." तू डोळे मिटतोस. दोन शब्द सरळ, तेच उलटे, मग तीन सरळ, तीन उलटे, पुन्हा तीन सरळ. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि सगळं नव्याने. स्वर हलत नाही, श्वास तुटत नाही. डोळे उघडतोस तेव्हा मधले शास्त्री मान डोलावत असतात.

"छान. आता सांग बाळ, ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताची देवता?"

"अग्नी."

"छंद?"

"गायत्री."

"आणि ऋषी?"

तू तोंड उघडतोस आणि आत काहीच नसतं.

आठव्या वर्षी मुंज झाली आणि दुसऱ्याच दिवशी जी संथा मिळाली, तिच्यातलं हे नाव. तुझा उजवा हात आपोआप उचलला जातो आणि बोटं कपाळाच्या वर टेकतात. जपाला बसताना ऋषीचं नाव घेऊन मस्तकाला स्पर्श करायचा असतो; हाताला ती जागा आठवते. नाव येत नाही. ओठांवर येतं ते विश्वामित्र. ते चूक आहे, हे तुला कळतं. विश्वामित्र संध्येतल्या गायत्री मंत्राचा ऋषी, तो मंत्र तिसऱ्या मंडलातला. पण रोज त्रिकाळ संध्येत तू तेच नाव घेतोस आणि पुढे 'गायत्री छंद' म्हणतोस. आत्ता 'गायत्री' म्हणालास आणि जीभ त्या रोजच्या वाटेला लागली. विश्वामित्र दारातच उभे आहेत. मागच्याला पुढे येता येत नाही.

घाम कानामागून उतरतो. बाहेर कारंज्याचं पाणी पडल्याचा आवाज येतो. डावीकडचे शास्त्री वहीकडे बघतात.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं, की हे अज्ञान नाही. तुझी विद्या माळेसारखी ओवलेली आहे. ऋषी, देवता, छंद हा तिचा क्रम. शास्त्रींनी देवतेपासून धरलं आणि ऋषी शेवटी विचारला. घनपाठाला धावायला लांब रस्ता होता, म्हणून तो सुटला नाही. या प्रश्नाला मागे-पुढे काहीच नव्हतं. शिवाय तो सोपा होता. अवघड प्रश्नाला थांबलं तर विचार करतोय असं दिसतं. सोप्याला थांबलं की लाज वाटते, आणि लाज वाटली की उरलंसुरलंही पळतं.

"बरं," असं म्हणून शास्त्री पुढच्याला बोलावतात.

तू दिल्ली दरवाजातून बाहेर येतोस. हौदावर पाय धुतोस. दुसऱ्या पायावर पाणी ओतताना, काहीही आठवायचा प्रयत्न नसताना, तोंड आपणहून म्हणतं: मधुच्छंदा. विश्वामित्रांचाच मुलगा. 'छंद' हा शब्द तर त्या नावातच होता. शास्त्रींनी तो विचारलाही होता. तू मागे वळून दरवाजाकडे बघतोस. आत दुसऱ्या कुणाचा तरी आवाज चाललेला असतो.

पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. रमणा गेला. तोंडी परीक्षा मात्र आजही होतात. वेदपाठशाळांत होतात, गीता पाठांतराच्या स्पर्धांत होतात. तुम्ही कधी परीक्षकाच्या जागी बसलात आणि समोरचं मूल सोप्या प्रश्नाला गप्प झालं, तर पुढच्याला लगेच बोलावू नका. पहिल्यापासून म्हणायला सांगा, किंवा मागचा एक शब्द द्या.