कारबॉस्टची भट्टी आणि तेथील कुळे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत स्काय नावाचे एक डोंगराळ बेट आहे. त्या बेटावर हारपोर्ट नावाच्या खाडीच्या काठी कारबॉस्ट हे लहानसे गाव असून तेथील भट्टीत 'टॅलिस्कर' ही व्हिस्की तयार होते. मद्याचे गुणगान करणे हा आमचा हेतू नाही. देवालयांच्या छायेत वाढलेल्या आमच्या वाचकवर्गाला ते रुचणारही नाही. परंतु एखाद्या जिनसेची कीर्ती देशोदेशी पसरते तेव्हा ती जेथे निपजली त्या भूमीतील माणसांचे काय झाले, हे पाहणे इतिहासाचे कर्तव्य आहे. आणि त्या दृष्टीने टॅलिस्करची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात चोरून मद्य गाळण्याची चाल सर्रास होती. १८२३ च्या कायद्याने परवाना घेऊन उघडपणे भट्टी चालविणे परवडू लागले. ह्या संधीचा लाभ घेऊन ह्यू आणि केनेथ मॅकॅस्किल ह्या बंधूंनी १८३० मध्ये कारबॉस्ट येथे भट्टी उभारली. ह्यूने टॅलिस्कर येथील वाडा व त्याभोवतालची जमीन खंडाने घेतली होती, आणि त्या वाड्याचेच नाव पुढे मद्याला मिळाले. शेतीपेक्षा मेंढ्यांच्या चराईत अधिक किफायत दिसल्यामुळे त्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणाऱ्या गेलिकभाषी कुळांना जमिनीवरून उठविले. त्या काळी असा प्रकार त्या सबंध मुलखात चालला होता. उठविलेल्यांपैकी कित्येक किनाऱ्यावरच्या नापीक पट्ट्यांत जाऊन राहिले, कित्येक जहाजांत बसून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. रॉडरिक मॅक्लाउड ह्या स्थानिक धर्मोपदेशकाने तर ही भट्टी म्हणजे ह्या भागावर कोसळलेला एक मोठा शाप होय, अशा आशयाचा निषेध नोंदवून ठेवला.

मॅकॅस्किल बंधूंनाही भट्टी लाभली नाही. १८४८ मध्ये ती बँकेच्या ताब्यात गेली व पुढे तिचे अनेक धनी झाले. १८८० मध्ये ॲलन आणि केम्प ह्या भागीदारांनी ती घेतल्यावर तिचा जम बसला. त्याच वर्षी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या एका कवितेत टॅलिस्करचा गौरवाने उल्लेख आला. त्या कवितेतील वक्ता परदेशातून मायदेशी परतलेला स्कॉट आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९२५ मध्ये भट्टी डिस्टिलर्स कंपनीकडे गेली आणि आज ती डियाजिओ ह्या कंपनीच्या मालकीची आहे.

एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीस 'सिंगल माल्ट' म्हणतात. जव भिजवून त्यास मोड आणतात व नंतर ते वाळवितात. वाळविताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत युगानुयुगे साचलेल्या वनस्पतींचा मातकट थर; त्याच्याच धुराचा वास मद्यात उतरतो. पूर्वी हे काम कारबॉस्टलाच होत असे. १९७२ पासून असे जव मुख्य भूमीवरील ग्लेन ऑर्डहून येते. जवाचा गोड काढा लाकडी पिपांत आंबवून तो तांब्याच्या भांड्यांत गाळतात. काजूच्या बोंडांच्या रसापासून पहिल्या गाळणीस उर्राक व पुढच्या गाळणीस फेणी मिळते, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस ठाऊक आहेच. येथेही गाळणी दोनदा होते. मात्र १९२८ पर्यंत ती तीनदा होत असे, आणि पहिल्या गाळणीची दोन व पुढची तीन अशी पाच भांडी ही त्या जुन्या रीतीची खूण आजही तेथे आहे. वाफ थंड करण्यासाठी थंड पाण्याच्या लाकडी हौदांतून तांब्याच्या वेटोळ्या नळ्या फिरविलेल्या आहेत. ही पद्धत इतरत्र बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे.

स्कॉच म्हणविण्यासाठी मद्य ओकच्या पिपांत निदान तीन वर्षे मुरावे लागते. टॅलिस्करचा मुख्य प्रकार दहा वर्षांचा असून त्यात मद्यार्काचे प्रमाण ४५.८ टक्के असते. धूर, समुद्राचा खारेपणा आणि शेवटी मिऱ्यासारखा तिखटपणा हे तिचे लक्षण जाणकार सांगतात. अठरा, पंचवीस व तीस वर्षे मुरविलेले प्रकारही निघाले आहेत. काही प्रकार शेरी अथवा पोर्ट ह्या द्राक्षमद्यांच्या जुन्या पिपांत अखेरचे मुरवितात. २०१३ मध्ये निघालेल्या 'स्टॉर्म' ह्या प्रकारावर मात्र वयाचा आकडा नसतो.

२२ नोव्हेंबर १९६० रोजी भट्टीस आग लागून गाळणीघर भस्मसात झाले. चवीत फरक पडू नये म्हणून मालकांनी पाचही भांडी पूर्वीच्या मापाची व आकाराची तंतोतंत नवी घडविली, आणि १९६२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ही निष्ठा प्रशंसनीय आहे, ह्यात संशय नाही. तथापि स्कायच्या माणसांची कथा निराळी आहे. १८४१ मध्ये बेटावर सुमारे २३ हजार लोक राहत होते. २०११ च्या गणतीत ते सुमारे १० हजार भरले. १८८२ मध्ये ब्रेज येथील कुळांनी ग्लासगोहून आलेल्या पोलिसांना विरोध केला, तेव्हा कोठे सरकार जागे झाले व १८८६ च्या कायद्याने कुळांस जमिनीवरून मनमानेल तसे उठविण्यास बंदी झाली. तोवर अनेक गावांत पडक्या भिंतींखेरीज काही उरले नव्हते.

तांब्याचे भांडे जळाले तर माप पाहून दुसरे घडविता येते. उठून गेलेले गाव, त्याची बोली, त्याची गाणी आणि शेजारधर्म ह्यांचे माप कोणत्याही कारागिराजवळ नसते. टॅलिस्करचा इतिहास लिहिणाऱ्याने भट्टीच्या वंशावळीबरोबर त्या कुळांचीही नोंद ठेवली पाहिजे, असे आम्हांस वाटते.