फॉरेस्ट : एका शब्दाची कुळकथा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवनांत ‘फॉरेस्ट’ हा इंग्रजी शब्द शाळा न पाहिलेल्यांच्याहि ओठीं रुळला आहे. त्याचें मूळ लॅटिन ‘फोरिस’, म्हणजे ‘बाहेर’, या शब्दांत बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. फ्रँक राजांच्या काळीं ‘फोरेस्तिस’ म्हणजे इतरांस मज्जाव करून राजानें मृगयेसाठीं राखलेला मुलूख. १०६६ नंतर नॉर्मन राजांनीं तो कायदा इंग्लंडांत नेला. त्याच्या कक्षेंत शेतें नि गांवेंहि येत. म्हणजे शब्द झाडांचा नव्हे, मालकीचा!

‘जंगल’ची तऱ्हा याहून गमतीची. आयुर्वेदांत ‘जांगल’ म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडींचा कोरडा प्रदेश. इंग्रजींत त्याच शब्दाचें झालें दाट, ओलें अरण्य. सागाचें ‘टीक’ हें नांव मात्र मल्याळम ‘तेक्क’पासून पोर्तुगीजांमार्फत सरळ गेलें.

१८७८ च्या कायद्यानें ‘राखीव फॉरेस्ट’ चांद्याच्या सरकारी रानांत आलें, आणि रानांत राहणारा गोंड-माडिया कायद्याच्या दृष्टीनें ‘बाहेरचा’ ठरला. पुढें २००६ चा वनहक्क कायदा झाला. त्याअन्वयें २००९ सालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि ग्रामसभेच्या हातीं आला.